अटकेनंतरचं लग्न

खरं सांगू? हे लिहिणारच नव्हतो. आमच्या डोंगरात ह्यावर कुणी बोलत नाही. पण जे तिथे होते त्यांच्याच तोंडून ऐकलं, आणि राहवेना.

शनिवारची दुपार. चर्चच्या मैदानात मासे तळले जात होते आणि थेरन कॉडिलचं कशातच लक्ष नव्हतं. टाय सैल करायचा, परत घट्ट करायचा. चौदा वर्षं तो केंद्र सरकारचा वकील होता, आता राज्याच्या सिनेटला उभा होता. फलकावर त्याचा फोटो, खाली ओळ : 'एकही खटला हरला नाही.'

"अरे, एका जागी थांब की! निवडणुकीला उभा आहेस, वारुळावर नाही," ओडेल म्हणाला. हा त्याचा जुना दोस्त. सरकारी जंगलातला निवृत्त रेंजर, सध्या प्रचाराची गाडी चालवायचा.

"पाद्रीबाबांनी शब्द दिला की खोऱ्यातली मतं आपली."

"देतील. लग्नाच्या वयाचं तेवढं काढू नकोस."

वाढणाऱ्या बाईने थेरनच्या ताटात मासा ठेवला, मक्याचा पाव ठेवला, पण ती पुढे सरकली नाही.

"ओळखलंत, साहेब? मी टेसी."

त्याने ओळखलं. बारा वर्षांपूर्वी एकतीस वर्षांच्या बाप्याला ओडेलने जंगलातल्या तंबूत पकडलं होतं. सोबत ही, पंधराची. जागा केंद्र सरकारची, म्हणून केस थेरनकडे आली. आठव्या दिवशी हिचा बाप त्या दोघांच्या लग्नाचा दाखला घेऊन हजर. आईबापांची संमती, जज्जची सही; आमच्या राज्यात तेवढ्यावर अठराच्या आतलं लग्नही रीतसर. गुन्हा आधीचा, लग्न नंतरचं. केस उभी राहू शकत होती. पण पोरगी तोंड उघडेना, आणि हरायची केस थेरन घेतच नसे. फाईल बंद.

"बरं चाललंय ना?" त्याने कसंबसं विचारलं.

"झकास! शाळा गेली, दोन दात गेले." तिने मागे हात केला. एक मुलगी सरबत ओतत होती. "माझी बोनी. अकराची. आजोबा आत्ताच म्हणतात, हाताबाहेर जायच्या आत उजवून टाकू."

"एवढ्यात?"

"माझ्या वेळी कुठे विचारलंत, एवढ्यात म्हणून?"

तेवढ्यात पाद्रीबाबांनी माईक घेतला. "बंधूभगिनींनो, ह्या माणसाने एकदा आपल्यातला एक संसार वाचवला! लग्नाचा मान राखला!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टेसीच्या नवऱ्याच्या.

थेरनने माईक घेतला. भाषण खिशातच राहिलं.

"तो संसार नव्हता. गुन्हा होता. हरायच्या भीतीने मी तो त्या दाखल्याखाली झाकला. अठराच्या आत लग्न नको. आईबाप हो म्हणाले तरी नको, जज्जने सही केली तरी नको. मी उभा आहे तो ह्यासाठी."

मग कुणीतरी ओरडलं, "आमच्या घरातलं सांगणारा तू कोण?" खुर्च्या सरकल्या. पाद्रीबाबांनी माईक काढून घेतला.

"घरी चल," टेसीचा नवरा तिच्यावर खेकसला. तिने बोनीला जवळ ओढलं आणि जागची हलली नाही.

ओडेलने गाडी मैदानाबाहेर काढली.

"गेली मतं," तो म्हणाला. "तू ती फाईल बंद केलीस ना, वर्षभर तुझं तोंड पाहिलं नव्हतं मी."

"माहितीये."

"आता हरलास तर?"

"तर साधा वकील. बोनीच्या लग्नाचा अर्ज ज्या दिवशी जज्जपुढे येईल, त्या दिवशी मी तिच्या बाजूने उभा असेन. हरणार हे दिसत असलं तरी. शब्द देतो तुला, ओडेल."