सर्व्हरची खोली

वैशाली कोठेकर मूर्तिकार संस्थेत व्यवस्थापक म्हणून रुजू झाली, तेव्हा तिला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, की बाई, सगळं कार्यालय तुमचंच, फक्त मागच्या खोलीत विचारल्याशिवाय जाऊ नका. मागच्या खोलीत सर्व्हर होता, आणि सर्व्हर गोरखचा होता.

कागदोपत्री तो संस्थेचाच. हमरापूर आणि शेजारच्या गावांतल्या गणपतीच्या कारखानदारांनी मिळून ही संस्था काढली, पेणला एसटी स्टँडच्या मागे जागा घेतली. कुठल्या व्यापाऱ्याने कुठल्या साच्याच्या मूर्ती सांगितल्या, पीतांबर पिवळा हवा की केशरी, काम कुठल्या कारखान्याला दिलं, हे सगळं त्या एका यंत्रात भरलेलं असायचं. पण ते यंत्र चालू कसं करायचं, बंद कसं करायचं आणि रुसलं तर काय करायचं, हे एकट्या गोरख हिलमला माहीत होतं. गोरख रोह्याच्या पुढे कुंडलिकेच्या काठावरच्या आदिवासी वाडीतला. वाडीतून कंप्युटरचा क्लास केलेला तो पहिला माणूस. रोज रोह्याहून गाडीने यायचा, कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडायचा, खोली उघडायचा आणि सर्व्हरला उदबत्ती ओवाळायचा. उदबत्ती पेटवलेली नसायची. धुराने यंत्र बिघडतं, म्हणून तशी बंदी त्याने स्वतःच घातली होती.

कार्यालयात एसी असलेली तेवढीच एक खोली. पावसाळ्यात पेणला रंग सुकत नाही, त्यामुळे ज्याच्या कारखान्यातली मूर्ती ओली राहायची त्याचा डोळा त्या खोलीवर असायचा. संस्थेचे अध्यक्ष कमळाकरशेट मोकल यांचाही कारखाना होता. तेसुद्धा लहान मूर्ती घेऊन यायचे आणि दाराशी उभं राहून, "गोरख, दोन ठेवू का रे?" असं विचारायचे. गोरख जागा दाखवायचा. जमिनीवर चालेल, यंत्रावर नाही. अध्यक्षांनी आपल्याच संस्थेतल्या नोकराची परवानगी घ्यावी, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

वैशालीला हे सगळं क्लाउडवर न्यायचं होतं, त्याचं खरं कारण म्हणजे तिचा जेवणाचा डबा. सर्व्हरमधल्या माहितीची एक प्रत रोज कार्यालयाबाहेर गेली पाहिजे, असा नियम होता. ती प्रत एका हार्ड डिस्कवर उतरवली जायची, आणि व्यवस्थापक या नात्याने ती घरी न्यायचं काम वैशालीकडे होतं. ती गडबला राहायची. महामार्गावरचे खड्डे, सहा आसनी रिक्षा, पिशवीत डिस्क आणि डिस्कशेजारी डबा. एका संध्याकाळी वालाच्या बिरड्याचा रस्सा डिस्कवर सांडला. तिने घरी गेल्यावर डिस्क पुसली, पंख्याखाली ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं, की सबंध पंचक्रोशीचे गणपती आत्ता आपल्या स्वयंपाकघरात वाळत आहेत. तिचा नवरा हसला. तिला हसू आलं नाही.

संचालक मंडळापुढे तिने बिरड्याचा विषय काढला नाही. तिने नव्या मुंबईहून रितेश नावाच्या एका माणसाला बोलावलं. एका कंपनीतर्फे तो क्लाउडची सेवा विकायचा. त्याने भिंतीवर चित्रं पाडून सुरक्षितता समजावली, खर्च समजावला, स्पर्धा समजावली. माहिती आपल्या खोलीत न राहता दूरच्या मोठ्या केंद्रात राहील, आणि इंटरनेट असेल तिथून, पेणहून, रोह्याहून, कुठूनही काम करता येईल, असं तो म्हणाला.

कमळाकरशेटांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दुसऱ्याच्या कंप्युटरवर ठेवायचं?"

रितेश म्हणाला, की हो, एका अर्थी तसंच.

"मग आपला असताना दुसऱ्याचा कशाला?"

या प्रश्नाचं चित्र रितेशने आणलेलं नव्हतं. बैठक चहावर संपली. जाता जाता शेट वैशालीला म्हणाले, "गोरखला विचारलंस का गो?"

तिने गोरखला विचारलं. गोरख म्हणाला, "शेट सांगतील तसं करू, ताई. पन शेटांना नाय आवडायचं ते."

पुढच्या श्रावणात वीज सारखी जात-येत राहिली आणि सर्व्हर एका सकाळी उठलाच नाही. गोरखने दार लावून घेतलं आणि दुपारपर्यंत आत होता. शेवटी वैशालीच्या डिस्कवरून माहिती परत भरली. बहुतेक सगळी आली, काही ठिकाणी इकडचं तिकडे झालं. रोह्याच्या एका गणेश मंडळाने बसलेला गणपती सांगितला होता, त्यांना उभा गेला. मंडप आधीच बांधून झाला होता आणि मूर्तीचा मुकुट छताच्या कापडाला टेकत होता. वैशाली स्वतः माफी मागायला रोह्याला गेली. तिथल्या मंडळींनी तोवर कापड कापून मुकुट वर काढला होता. छतातून वर आलेला गणपती बघायला शेजारच्या अष्टमी गावाहून, कोलाडहून लोक येत होते. मंडळाने तिला पेढे दिले आणि पुढच्या वर्षीही उभाच पाठवा म्हणून सांगितलं.

तिने बैठकीत हा प्रकार धोक्याचं उदाहरण म्हणून मांडला. संचालकांनी तो यशाचं उदाहरण म्हणून नोंदवून घेतला.

मग पलीकडच्या एका गावातली दुसरी संस्था क्लाउडवर गेली. वैशालीला वाटलं, आता तरी. पण संचालक मंडळाचं म्हणणं पडलं, की आधी त्यांना पडू दे, मग बघू. वर्ष गेलं, ती संस्था काही पडली नाही. तेव्हा मंडळाचं म्हणणं पडलं, की आता आपण गेलो तर नक्कल केली म्हणतील. आणि दर खेपेस, बैठक उठता उठता, शेट तिला तेच विचारायचे, गोरखला विचारलंस का? आणि गोरख दर खेपेस तेच सांगायचा, शेटांना नाय आवडायचं. वैशालीने याचा अर्थ असा लावला, की दोघांनाही नको आहे आणि दोघेही सभ्य आहेत. तिने डब्यासाठी जाड कापडाची वेगळी पिशवी शिवून घेतली आणि विषय सोडून दिला.

त्या हिवाळ्यात गोरखच्या गावची ग्रामपंचायत निवडणूक लागली आणि सरपंचपद आदिवासींसाठी राखीव निघालं. वाडीतली माणसं गोरखच्या अंगणात येऊन बसली. त्याचं म्हणणं, मला पेणला सर्व्हर हाय. लोकांचं म्हणणं, तो तुला आणि आमाला नळ नाय. ती उठेचनात, तेव्हा त्याने अर्ज भरला. समोर कुणी उभंच राहिलं नाही, त्यामुळे तो बिनविरोध निवडून आला.

पेढे घेऊन तो कार्यालयात आला, सगळ्यांना वाटले, आणि दुपारी वैशालीच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसला. एवढ्या वर्षांत तो तिच्यासमोर कधी बसला नव्हता. काही असलं तर उभ्या उभ्या सांगून मागच्या खोलीत जायचा.

"ताई, तो रितेश काय सांगत व्हता... रोह्यातनं बघता येतं, तसं?"

"येतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्याने."

"म्हंजे मी पंचायतीत बसून पेणचं काम केलं तं चालंल?"

"चालेल."

गोरखने बराच वेळ पेढ्याच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "मंग करून टाका. मला सकाळी पंचायतीत बसाया पायजे. लोक कामं घेऊन येतात, नि मी हितं."

वैशालीने त्याला सरळ विचारलं, की मग इतकी वर्षं का अडवून धरलंत?

"मी कुटं अडवलं?" गोरख म्हणाला. "दारावर शेटांच्या बाचं नाव हाय. खोली त्यांनी बांधली, सर्व्हर त्यांनी आनला. तो हलवा असं मी शेटांना कुठल्या तोंडानं सांगू?"

दारावर खरंच संगमरवराची पाटी होती. थोरल्या मोकलशेटांच्या हस्ते संगणक कक्षाचं उद्घाटन, वगैरे. वैशालीने ती रोज पाहिली होती आणि कधी वाचली नव्हती.

ती त्याच दुपारी रिक्षा करून हमरापूरला गेली. कमळाकरशेट कारखान्यात पाटावर बसून डोळ्यांची आखणी करत होते. अध्यक्ष झाले तरी डोळे दुसऱ्या कुणाला रंगवू देत नसत. आखणी चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नाही हे पेणमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती डावा डोळा पुरा होईपर्यंत उभी राहिली. मग तिने गोरखचं म्हणणं सांगितलं.

शेटांनी कुंचला पाण्यात ठेवला.

"गोरख म्हणाला असं? स्वतः?"

"स्वतः."

"मग मी कशाला नको म्हणू? गणपती सुकवायला एवढी चांगली खोली, तिथे ते खोकं घरघर करत बसलंय, मला काय त्याचं कौतुक?" त्यांनी मूर्ती जरा उजेडाकडे वळवली. "बाबांनी किल्ली त्याच्या हातात दिली होती. तेव्हा काही लोक बोलले, वाडीतल्या माणसाकडे संस्थेची किल्ली कशाला. बाबा म्हणाले, ज्याला कळतं त्याच्याकडे राहील. आता मी अध्यक्ष झालो, म्हणून ती काढून घेऊ? लोकांना तेच दिसलं असतं. त्यालाही."

रितेशची सगळी चित्रं वैशालीच्या डोळ्यांपुढून गेली. सुरक्षितता, खर्च, स्पर्धा. एक माणूस दुसऱ्याच्या बापाच्या पाटीला जपत होता, दुसरा पहिल्याच्या किल्लीला, आणि मधल्या मध्ये ती गडबपर्यंत डिस्क वाहत होती. तिला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण परतीच्या रिक्षात तो फार टिकला नाही.

पुढच्या बैठकीत विषय चहा यायच्या आत मंजूर झाला. कुणी प्रश्न विचारला नाही. ठरावात कारणं लिहावी लागतात, तर काय लिहू, असं तिने शेटांना विचारलं. ते म्हणाले, की तुझ्याकडे आहेत ती घाल. तिने रितेशची घातली.

माहिती क्लाउडवर न्यायचं काम माघ-फाल्गुनात, कामाचा जोर नसताना झालं. रितेश आणि गोरख मागच्या खोलीत शेजारी शेजारी बसले. सगळी माहिती पलीकडे नीट पोचली याची खात्री झाल्यावर गोरखने कमळाकरशेटांना बोलावून घेतलं, यंत्राला हळदकुंकू लावलं, आणि ते नेहमीच्या क्रमाने बंद केलं. शेटांनी हात जोडले. गोरखने करगोट्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. शेट ती उचलून त्याच्या हातात परत देऊ लागले.

"राहू दे ना तुझ्याकडे."

"नको, शेट. मी रोह्यात नि किल्ली माझ्या कमरंला, तं तुमचे गनपती कोन सुकवील?"

किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला गेली. यंत्र भंगारात काढावं असा नियम होता, पण शेटांनी ते कोपऱ्यात ठेवायला सांगितलं. पाटी दारावर तशीच राहिली. पाऊस लागला तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आता कुणाला विचारून ठेवावं लागत नसल्यामुळे कोणाच्या मूर्ती कुठल्या, यावरून कारखानदारांची रोज भांडणं होऊ लागली. ती सोडवायचं काम वैशालीकडे आलं.

त्याच सुमारास सुरभी नावाची एक मुलगी पुण्याच्या व्यवस्थापन महाविद्यालयातून आली. संस्था क्लाउडचा स्वीकार कशामुळे करतात, यावर तिचा प्रबंध होता. वैशालीने तिला चहा दिला आणि बिरड्यापासून सरपंचपदापर्यंत सगळं सांगितलं. सुरभीने लक्ष देऊन ऐकलं. मग नम्रपणे विचारलं, की याला वरिष्ठ नेतृत्वाचा पाठिंबा म्हणता येईल का? वैशाली विचार करून म्हणाली, की म्हणा.

गोरख पंचायतीतून काम बघू लागला, आणि काम तसं फारसं नव्हतंच. तरी तो रोज सकाळी वैशालीला फोन करायचा.

"चालू हाय ना?"

"चालू आहे."

"लाइट गेली असंल तुमच्याकडं."

"गेली आहे. मोबाईलवर चालू आहे."

"बरं," असं म्हणून तो थोडा थांबायचा, पण फोन ठेवायचा नाही. वैशालीच्या हे लक्षात आलं. मग ती त्याच्यासाठी रोज काहीतरी राखून ठेवू लागली. अमुक मूर्तीचा फोटो कुठे दिसतो, नवा व्यापारी यादीत कसा चढवायचा. यातलं बरंच तिला येत होतं. गोरख सावकाश समजावून सांगायचा, आणि सांगून झाल्यावर वाडीच्या नळाचं कुठवर आलं ते सांगायचा.

भाद्रपद तोंडावर आला, कार्यालयात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि एक दिवस त्याचा फोन आला नाही. दुपारी तिनेच लावला. पलीकडे बरीच माणसं एकदम बोलत होती. तिने विचारलं, की एका व्यापाऱ्याचं नाव दोनदा आलंय, ते कसं काढायचं?

"ताई, आता टाइम नाय," गोरख म्हणाला. "टाकीचे पाइप आलेत, ट्रक उभा हाय. रितेशला इचारा."

फोन बंद झाला. वैशालीने ते जास्तीचं नाव काढून टाकलं. मागच्या खोलीत कुणाचा तरी आवाज चढला होता. ती भांडण सोडवायला उठली.