बारा दिवसांचं ऊन

मित्रांनो, मी नाण्यावर चालणाऱ्या खेळाची एक पेटी आहे. वयानं जुनी, आणि आतून रिकामी. पूर्वी माझ्यात नाणं पडलं की पोटात दिवे लागत, संगीत सुरू होई आणि समोरचं मूल मांडी थोपटत उभं राही. आता नाणं टाकलं तर ते खळ्ळकन तळाशी पडतं. पुढं काहीच होत नाही.

माझा जन्म एल आल्तोचा, उंच पठारावरच्या त्या थंड वस्तीतला. माझं लाकूड एका मोडक्या कपाटाचं, काच एका जुन्या टीव्हीची आणि पोटातला बोर्ड परदेशातून भंगारात आलेल्या यंत्राचा. या तिघांची सोयरीक जमवली मास्तर कासियानो तिकोना यांनी. ते रेडिओ दुरुस्त करत. दुसऱ्यांचे खेळ आणून लावणारे पुष्कळ होते, पण मास्तरांच्या डोक्यात भलतंच होतं. दोन वर्षं खपून त्यांनी त्या बोर्डाच्या आठ चिपांवर स्वतःचा खेळ लिहिला. प्रत्येक चिपेच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी होती. लिहून झाल्यावर मास्तरांनी प्रत्येक खिडकीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि निळ्या शाईनं तिच्यावर आकडा घातला. ती पट्टी कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

खेळाचं नाव ‘उतार’. आमच्या वस्तीतून खाली शहराकडे जाणारी मिनिबस, दाराला लटकून थांब्यांची नावं ओरडणारी बाई, आणि वाटेत कुत्री, ढोलताशे, रस्ता रोकोचे दगड. उतारूंना पोचवायचं आणि बस दरीत जाऊ द्यायची नाही. मुलं वेडी झाली. ज्याला पुढचा डाव हवा तो माझ्या काचेच्या कडेवर आपलं नाणं ठेवून उभा राही. एकेका दिवशी अशी दहा-बारा नाणी ओळीनं मांडलेली असत आणि त्या रांगेला कुणी हात लावत नसे. मला मात्र धाकधूक असायची. एखाद्याचे ओठ थंडीनं फाटलेले असत, एखाद्यानं पावासाठी दिलेले पैसे मुठीत धरलेले असत. मग त्याची आई यायची आणि कान धरून न्यायची. “पाव कुठंय रे? ह्या पेटीनं खाल्ला का?” खरं म्हणजे मीच खाल्लेला असे.

तशी वीस वर्षं गेली. घराघरात संगणक आले, मग खिशाखिशात फोन आले. माझ्यावर बटाट्याचं पोतं पडलं, पोत्यावर दुसरं पोतं. चार वर्षांपूर्वी मास्तर गेले. त्या दिवशी घरात खूप माणसं होती, पण पोती कुणी उचलली नाहीत.

ती उचलली त्यांच्या मुलीनं, योवानानं. पाठीवरच्या रंगीत कापडात एक वर्षाची लेक बांधलेली. पोती बाजूला करून तिनं माझी काच ओल्या फडक्यानं पुसली आणि नंतर स्वतःचे डोळेही त्याच फडक्यानं पुसले. तिला इंटरनेटवर जुन्या खेळयंत्रांचे वेडे भेटले होते. हे लोक चिपांवर लिहिलेलं सगळं वाचून घेतात आणि संगणकाला त्या यंत्राचं सोंग घ्यायला शिकवतात. याला ते एम्युलेशन म्हणतात. असं झालं की पेटी मोडली तरी खेळ मरत नाही. योवानानं त्यांना ‘उतार’बद्दल विचारलं. कुठकुठल्या देशांतून उत्तरं आली, पण सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. हा खेळ कुणाकडेही नाही. जगात एकच प्रत आहे, ती तुझ्या घरातली.

तेव्हा तिनं मासिक काढायचं ठरवलं. नाव ‘तिलीन’. आमच्याकडे नाण्यावर चालणाऱ्या पेट्यांना तसंच म्हणतात. पहिल्या अंकात मास्तरांची गोष्ट, आणि अंकाला चिकटवलेल्या तबकडीत त्यांचा खेळ.

“कागदाचं मासिक?” लिंबर्त म्हणाला. तो मास्तरांचा जुना शिष्य, आता मोबाइल दुरुस्त करतो. “योवाना, हल्ली कागद कोण वाचतं गं? तुझी लेकसुद्धा फोनवर बोट फिरवते.”

“परवा तिनं तो फोन सूपात टाकला. कागद टाकला असता तर वाळवून वाचता आला असता.”

“मग सूपाचंच मासिक काढ. खपेल तरी.”

ती हसली, पण हसता हसता वळली आणि लेकीच्या तोंडात बोट घालून माझ्यातलं एक जुनं नाणं बाहेर काढलं. मी ते केव्हापासून बघत होते. मला ओरडता आलं असतं तर!

मित्रांनो, एवढी काळजी घेणारी बाई होती ती. म्हणून पुढचं सांगताना मला जड जातं.

मुखपृष्ठं आधी छापून आली, दोनशे, पिवळ्या कागदावर. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कासियानो तिकोना यांचा उतार. आता तुमच्या संगणकावर!’ चिपा वाचायचं यंत्र लिंबर्तनं बाजारातून पैदा केलं होतं. ऑगस्टचा पहिला शुक्रवार होता. त्यानं माझी पाठ उघडली, तेवढ्यात योवानाची आई फेलिसा दारात येऊन उभी राहिली.

“ऑगस्ट आहे हा. धरणीमाय तोंड उघडून बसलीय, आणि तुम्ही तिला उपाशी ठेवून नवं काम काढताय?”

“मावशी, अर्ध्या तासाचं काम आहे. वाचून घेतो, मग हवी तेवढी बिअर ओता.”

“तुझ्या मास्तरनं धरणीमायचा चाल्ला केल्याशिवाय कधी सोल्डरची कांडी तापवली होती? तू त्यांच्याकडं शिकायला येत होतास ना रे? की नुसता जेवायला?”

“दोन्हीसाठी, मावशी.”

“मग एक तरी नीट शिकायचं होतंस.”

लिंबर्तनं योवानाकडं पाहिलं. योवाना म्हणाली, “राहू दे. आईचं होऊ दे आधी. अर्धा तास कुठं पळून जातोय?”

मग चाल्ला झाला. जमिनीवर धरणीमायला दारू शिंपडली, माझ्या चारही कोपऱ्यांवर शिंपडली, गळ्यात कागदी माळा घातल्या, पाकळ्या उधळल्या. इतक्या वर्षांनी कुणी मला नटवत होतं. मी सुखावले, खोटं कशाला सांगू. शेवटी योवानानं बिअरची बाटली हलवून बूच उडवलं. फेस उसळला, भिंतीवर, छतावर, सगळे हसले, आणि माझ्या उघड्या पाठीतून तो सरळ बोर्डावर गेला.

 लिंबर्तनं बोर्ड काढला, झटकला, वास घेतला.

“घाबरू नका. वीज बंद होती. आम्ही बोर्ड धुतोच की. पाणी आणि भांड्याचा मऊ ब्रश घ्या, साखर राहता कामा नये. मग चांगला वाळवा. ओला असताना वीज दिली तर संपलं.” त्याची गावाकडं जायची गाडी सुटत होती. “दोन दिवसांत येतो. तोवर फक्त वाळू दे.”

तो गेला. मायलेकींनी माझं काळीज परातीत घेतलं आणि एखाद्या बाळाला घालावी तशी त्याला आंघोळ घातली. पाण्यानं आठही पट्ट्या सुटल्या. फेलिसानं त्या एकेक करून टिपल्या, कारण त्यावर नवऱ्याचं अक्षर होतं. बिस्किटांच्या डब्यात घालून डबा देव्हाऱ्याशी ठेवला. बोर्ड गच्चीवर गेला.

दोन दिवसांनी रस्ता रोको सुरू झाला. लिंबर्त गावात अडकला. फोनवर रोज म्हणे, “असू दे, वाळू दे, हात लावू नका.” आणि फेलिसा रोज सकाळी तो बोर्ड उन्हात ठेवी. सावली सरकली की बोर्डही सरकवी. संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून, शालीत गुंडाळून आत आणी. “अजून दमट वाटतोय,” म्हणे. बारा दिवस. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल. हवा थंड असते, पण ऊन मुलांच्या गालाची साल काढतं.

तेराव्या दिवशी लिंबर्त आला, धुळीनं माखलेला, पायी. बोर्ड हातात घेतला आणि म्हणाला, “खिडक्यांवरच्या पट्ट्या कुठायत?”

“धुताना सुटल्या. आईनं जपून ठेवल्यात, काळजी करू नकोस,” योवाना म्हणाली.

त्यानं लगेच पहिली चिप यंत्रात बसवली. रिकाम्या चिपेवर संगणक एकच अक्षर दाखवतो. ते पडद्यावर एका ओळीत आलं, मग दुसऱ्या, मग पडदा भरून. दुसरी चिप. तिसरी. आठवी चिप लावताना त्यानं पडद्याकडं बघितलंच नाही.

“ऊन त्या खिडकीतून आतलं पुसतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “पट्टी त्यासाठीच असते. मला माहीत होतं गं. मी सांगायला विसरलो.”

“बाटली मी हलवली,” योवाना म्हणाली. “आणि आधी वाचून घे असं मी म्हणाले नाही.”

खालून फेलिसाचा आवाज आला, “झालं का रे? चालतो का?”

योवानानं लिंबर्तचा दंड धरला. “चिपा म्हाताऱ्या झाल्या होत्या गं आई! आपोआप गेल्या!”

फेलिसा म्हणाली, “धरणीमायनं घेतलं असेल. तिला भूक होती.”

दोनशे मुखपृष्ठांवरची ती ओळ योवानानं काळ्या शाईनं, हातानं खोडली. लेक मांडीवर झोपलेली होती. लिंबर्त समोर बसून म्हणाला, “हे छापायला हवं. अजून कुणाच्या घरी असा बोर्ड असेल, धुवायला काढलेला. आपल्याला कळलंय, तर सांगायलाच हवं.”

“आई वाचेल.”

“मावशी वाचत नाही.”

“कुणीतरी वाचून दाखवेल.” ती पुढची प्रत ओढून खोडत राहिली. “छापू. पण उन्हात मी ठेवला असं छापू.”

रविवारी मला हातगाडीवर घालून बाजारात नेलं. रिकामी असले तरी पाटी म्हणून उपयोगी होते. पिवळे अंक माझ्या बटणांवर रचले. लोक थांबले, हे मात्र खरं. पोक्त माणसं माझ्या लाकडावर हात फिरवत. एक टॅक्सीवाला म्हणाला, “शेवटी बस सरोवराशी पोचायची.” दुसरा म्हणाला, “कसलं सरोवर! बर्फ पडायचा.” एक भाजीवाली म्हणाली, “दोघंही फेकताय. शेवट नव्हताच. पुन्हा वरून सुरू व्हायचं.” योवाना सगळं वहीत लिहून घेत होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. पण मला काय ठाऊक? चित्र काचेवर असे आणि मी काचेच्या मागं. मी जन्मभर फक्त खेळणाऱ्यांचे चेहरे बघितले. खेळ माझ्यातच होता आणि तो मी कधी पाहिला नाही.

मग त्या टॅक्सीवाल्यानं अंक उघडला आणि मोठ्यानं वाचू लागला. योवाना त्याला थांबवायला उठली, पण लेक तिच्या कडेवर होती आणि मध्ये मी होते. “...बारा दिवस बोर्ड उन्हात मीच ठेवत होते. खिडकी उघडी असेल तर ऊन सगळं पुसतं, हे मला माहीत नव्हतं. तुमच्याकडे असा बोर्ड असेल तर...”

फेलिसा शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

“ऊन पुसतं?”

तिनं शेंगा खाली ठेवल्या.

“हिनं कुठं ठेवला? हिला गच्चीवर चढायला वेळ होता का? मी ठेवत होते. सरकवत होते. रोज.” तिनं टॅक्सीवाल्याच्या हातातला अंक घेतला, वाचता येत नसताना त्या पानाकडं बघितलं, आणि तो इतर अंकांवर ठेवून गठ्ठ्याच्या कडा तळहातांनी सारख्या केल्या.

“पुढच्या अंकात खरं नाव घाल,” ती योवानाला म्हणाली.

मित्रांनो, पुढचा अंक निघेल का, मला माहीत नाही. त्या रविवारी अकरा अंक गेले. खेळ परत येणार नाही, हे मात्र मला पक्कं माहीत आहे. तो लिहिणारा हात आता नाही.

तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, जगात एकुलती एक, तर माझं एवढं ऐका. तिच्यावरची धूळ पुसण्याआधी, तिला आंघोळ घालण्याआधी, तिला ओवाळण्याआधी, तिची नक्कल करून ठेवा. ती कशानं जगते आणि कशानं मरते, हे ती बनवणारा हयात असतानाच त्याला विचारा. मला कुणी टाकून दिलं नव्हतं. पोत्याखाली पडून होते तेव्हा मी शाबूत होते. मी गेले ती मायेनं. ती माय अजूनही सकाळी गच्चीवर जाते, रिकाम्या हातांनी उन्हात उभी राहते, आणि तिला काय सांगावं ते त्या घरात कुणालाच कळत नाही.