लोखंडी जोड, कापडी जोड

235/55R19. टायरच्या कडेला हे कोरलेलं असतं, काळ्यावर काळं. मुद्दाम वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

हामामात्सूला जानेवारीत संत्री झाडावर असतात.

तोंडावर गरम टॉवेल असलेल्या माणसाला दुकानात काय चाललंय ते कळत नाही.

आमच्या गावातला रस्ता गंजाच्या रंगाचा आहे.

छापील तक्त्यातली एक आडवी रेघ.

बाळ खाली सरकतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुठली गाडी आहे गं त्याची?" बाबांनी विचारलं.

*

पहिल्या बाळंतपणाला मी डिसेंबरातच आगगाडीने माहेरी आले होते. रेइजी, माझा नवरा, मागे हामामात्सूला राहिला, दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यावर, जिथे बर्फ पडतच नाही. त्याने फेब्रुवारीच्या सुरुवातीची रजा काढून ठेवली होती. मला तो बाळ होताना इथे हवा होता. बाकी कसलाच हट्ट नव्हता माझा. पाळण्याचा रंगसुद्धा मी सासूबाईंवर सोडला होता.

पण त्या वर्षी बर्फाने ऐकलं नाही. आमच्या खोऱ्यात येणारी छोटी आगगाडी चार दिवस बंद, एक दिवस चालू, पुन्हा बंद, असं चाललं होतं. म्हणजे रेइजीला मोटारीनेच यावं लागणार होतं. मोटार नवी होती. बाळासाठी म्हणून घेतलेली, उंच, पांढरी, बाहेरून जीपचा रुबाब आणि आतून साधी मोटार. टायर उन्हाळ्याचे. हामामात्सूत कुणाकडेच दुसरे नसतात.

"टायर घेऊन द्या ना त्याला," आई म्हणाली.

"चार टायर सासऱ्याने घेतले तर त्याला काय वाटेल? माझ्यावर भरवसा नाही, असं वाटेल. आणि महामार्गावरून इशारा निघाला की घाटात टायर कुठलेही असोत, चेन लावावीच लागते. चेनच पाठवतो. चेन कशी, भेट म्हणून देता येते."

"तुम्ही लावलीय कधी चेन?"

बाबांनी कात्री पुसली. आमच्याकडे नोव्हेंबर आला की सगळे हिवाळी टायर चढवतात आणि एप्रिलपर्यंत विसरून जातात. चेन, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून टायरभोवती आवळायची साखळी, ही बाहेरच्या लोकांची वस्तू.

"गाठ मारता येते ना मला," बाबा म्हणाले. "तेवढंच असतं."

*

बाबांचं न्हाव्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. सोमवारी बंद असतं. सोमवारी ते मोटारीच्या सामानाच्या दुकानात गेले आणि तक्ता उघडून गाडीचं नाव शोधलं. टायरचं माप त्यांनी मला विचारलं नव्हतं. रेइजीला तर विचारणं शक्यच नव्हतं. माप विचारलं की समोरच्याला कळतं, आपल्याला काहीतरी घेतायत. मग तो नको म्हणतो, मग आपण घ्याच म्हणतो, मग तो आधीच परतभेट पाठवून देतो. एवढं सगळं टाळायला बाबा गाडीचं नुसतं नाव घेऊन गेले.

नावासमोर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत चेनचा क्रमांक. खालच्या ओळीत आडवी रेघ. बाबांनी क्रमांकाची चेन घेतली. रेघ कोण विकत घेणार?

दोन दिवसांनी पार्सल पोचलं आणि रेइजीचा फोन आला. बाबांनी दुकानातलं गिऱ्हाईक तसंच ठेवून फोन घेतला.

"बसली का?"

"अगदी मापात बसली, बाबा. मुद्दाम करून घेतल्यासारखी."

बाबांनी फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत जो खुर्चीत बसला त्याला हे ऐकावं लागलं.

रात्री जेवणानंतर रेइजीने मला वेगळा फोन केला.

"चिगुसा, नाही बसत."

"काय नाही बसत?"

"चेन. चार बोटं कमी पडते. माझी चाकं एकोणीस इंची आहेत, ही सतराची आहे. आणि पुस्तकात लिहिलंय की या चाकांना लोखंडी चेन लावूच नका. चाक आणि आतला दांडा यांच्यात जागाच नाही. आत घासून ब्रेकची नळी तुटेल म्हणे."

"मग बसली कशाला म्हणालास?"

"तुझे बाबा किती खूश होते गं."

"अरे, पण तू येणार कसा?"

"बघतो ना मी. बारीक तारेची केबल मिळते म्हणे. आमच्याकडे कुणी ठेवत नाही, पण शोधतोय. तू सांगू नकोस त्यांना."

मी सांगितलं नाही. पोटात बाळ आणि वर ही गोष्ट.

*

मग त्या सामानाच्या दुकानातल्या बाईंचा घरी फोन आला. मी शेजारीच मटार सोलत होते.

"हो," बाबा म्हणाले. "हो. पांढरी. नवीच आहे. ... असं होय. म्हणजे रेघ एकोणीस इंची चाकांची... लावायचीच नाही... बरं. नाही, नाही, चूक माझीच."

फोन ठेवून ते माझ्या समोर येऊन बसले आणि मटाराची एक शेंग उचलली.

"रेइजी म्हणाला ना, बसली म्हणून?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग बसली असेल."

"असेल."

आम्ही दोघांनी मिळून वाटीभर मटार सोलले. एकमेकांकडे बघितलं नाही. रेइजीचं खोटं बाबांनी उघडं पाडलं असतं तर तो कायमचा खजील झाला असता, आणि मी बोलले असते तर दोघंही. आईने आत येऊन आम्हाला बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

*

आमच्या देवळातले र्योकाई गुरुजी आठवड्याला डोकं भादरून घ्यायला बाबांकडे येतात. त्यांची गाडी रेइजीसारखीच, त्याच नावाची. रंग काळा, चाकं मात्र तीच एकोणीस इंची. गुरुजींना असली रुबाबदार गाडी कशाला, यावर गावात पूर्वी बरीच चर्चा झाली होती.

त्या आठवड्यात बाबांनी अर्धं डोकं केलं, गुरुजींच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला आणि बाहेर गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी पडदा सरकवून बघितलं. पांढरा डगला घातलेले बाबा बर्फात पालथे पडले होते, डोकं गुरुजींच्या गाडीच्या पुढच्या चाकामागे. हातात तारेची केबल. सामानाच्या दुकानातून बघायला म्हणून आणलेली.

टॉवेल गार झाल्यावर गुरुजी स्वतःच उठून दारात आले. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर साबण.

"यासुहिरा, माझी गाडी आजारी आहे का?"

"गुरुजी, जरा स्टिअरिंग डावीकडे वळवता का? पूर्ण."

गुरुजी तसेच जाऊन बसले आणि वळवलं. खर्र असा आवाज आला.

"घासतंय," बाबा खालून म्हणाले.

"मला ऐकू आलं. आता कुणासाठी घासतंय तेही सांग."

बाबांनी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. मी दारात उभी आहे हे त्यांना दिसत नव्हतं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "केबल जाड पडतेय. कापडी बघ. टायरला मोजे येतात तसले. शहरातल्या माझ्या भावाकडे आहेत. महामार्गवाले चालवून घेतात."

"कापड? बर्फावर?"

"तू बर्फात कापडी डगला घालून झोपलायस, चालतंय ना?"

पुढच्या सोमवारी कापडी मोजे आले. गुरुजींनी गाडी आणून दिली आणि आत चहा पीत बसले. बाबांनी मोजे चढवायला घेतले तेव्हा आईही बाहेर आली. पांढरं जाड कापड, कडेला इलास्टिक. अर्धं चढवायचं, गाडी थोडी पुढे घ्यायची, उरलेलं चढवायचं. कुठेच घासलं नाही.

"टायरला न्हाणीतली टोपी घातल्यासारखं दिसतंय," आई म्हणाली. "चाळीस वर्षांत माझ्या पायाचं माप घेतलं नाहीत कधी."

"तुझे पाय घासत नाहीत कुठे."

*

आता एकच अडचण होती. हे पाठवायचं काय म्हणून? बसलेल्या चेनवर दुसरी चेन कशाला?

बाबांनी दोन दिवस विचार केला. त्या दोन दिवसांत एका गिऱ्हाइकाचे कल्ले वरखाली झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी रेइजीला फोन लावला. आई चहा ओतत होती.

"रेइजी, एक सांगायचं राहिलं. आमच्या खोऱ्यात पद्धत आहे. पहिल्या बाळंतपणाला जावयाला चेनचे दोन जोड देतात."

आईचा हात थांबला.

"एक लोखंडी. तो वापरायचा नाही. तो घरात ठेवायचा, बाळ लोखंडासारखं व्हावं म्हणून. आणि दुसरा कापडी. तो चाकाला घालून यायचं, बाळंतपण मऊ जावं म्हणून. ... हो, जुनी पद्धत आहे. ... नाही, तिकडे नसणारच. तिकडे बर्फ कुठे?"

मग रेइजी म्हणाला, "बाबा, म्हणजे लोखंडी लावायचीच नाही?"

"अजिबात नाही. लावली होतीस तेवढी पुरे."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "कुठल्या खोऱ्यात?"

"चहा सांडतोय," बाबा म्हणाले.

रेइजीने ते त्याच्या घरी सगळ्यांना सांगितलं. आठवड्यात माझ्या सासूबाईंकडून परतभेट म्हणून संत्र्यांची पेटी आणि भाजलेल्या ईल माशाचे डबे आले, आणि मला फोन: "अगं, लोखंडी जोड आम्ही बैठकीच्या खोलीत कोनाड्यात ठेवलाय, फुलांच्या शेजारी. की देवघरात ठेवायचा असतो? चुकायला नको."

मी म्हटलं, "कोनाड्यात चालतो." दुसरं काय म्हणणार?

*

कळा ठरल्या दिवसाच्या आधी सुरू झाल्या, सकाळी, मी गाजर किसत असताना. आईने रेइजीला कळवलं. तो लगेच निघाला. दुपारी त्याने घाटाखालच्या मोकळ्या जागेतून फोन केला. तिथे सगळ्या गाड्या थांबवून चेन बघत होते.

"घातले मोजे," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "उलटे घातले होते आधी. एका ट्रकवाल्याने हसून सरळ करून दिले. सोडतायत मला. चिगुसाला सांगा, येतोय."

आई सांगायला आली तेव्हा मी तिचा हात एवढा दाबला की तिने अंगठी काढून खिशात टाकली.

घाट तो नीट उतरला. चुकला ते खाली आल्यावर. आमच्या खोऱ्यात रस्त्याच्या मधोमध नळ आहेत, जमिनीखालचं पाणी सारखं उडत असतं, त्यामुळे बर्फ वितळतो आणि पाण्यातल्या लोहाने रस्ता तांबडा होतो. बर्फ संपला की मोजे काढायचे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. रेइजीला सुचलं नाही. बाळंतपण मऊ जायला हवं होतं ना. सगळ्या वाटेवर, उघड्या तांबड्या रस्त्यावर, त्याने ते घालूनच गाडी चालवली.

यापुढचं मला आईने सांगितलं, कारण मी आत होते.

बाबा दवाखान्याच्या दारात फावडं घेऊन उभे होते. बर्फ तिथल्या लोकांनी कधीच काढला होता, पण बाबा काढत होते. पांढरी गाडी आली. पुढच्या दोन्ही चाकांना तांबड्या चिंध्या लोंबत होत्या. एक चिंधी मागे फरफटत आली होती, तिला शेवाळ आणि कुणाच्या तरी हातमोज्याचं एक बोट चिकटलेलं.

रेइजी उतरला, चाकाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बाबा, फाटले. वाईट असतं का हे?"

बाबांनी फावडं टेकवलं. खाली वाकून एक चिंधी हातात घेतली, कापडाचा पोत बघावा तशी चोळून बघितली.

"फाटायलाच हवेत," ते म्हणाले. "नाही फाटले तर बाळ अडतं. वाट मोकळी झाली याची खूण आहे ती."

आई म्हणते, त्यांनी हे डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं.

रेइजी तिथेच उभा राहिला. "बाबा, तो पहिला जोड. मी तुम्हाला म्हणालो होतो की—"

"आत जा आधी. ओरडतेय ती."

"नाही, पण मला सांगायचंय—"

"बूट काढ, चप्पल घाल, आत जा."

तो आत आला. एका पायात दवाखान्याची चप्पल, दुसऱ्या पायात नुसता ओला मोजा. त्याचे हात एवढे गार होते की मी ओरडले, आणि नर्सला वाटलं कळ आली. मग खरंच आली. संध्याकाळी, खिडकीत अजून उजेड असताना, मुलगी झाली.

बाबांचा जन्म घाटाच्या पलीकडचा, कोरड्या वाऱ्याच्या, बर्फ न पडणाऱ्या बाजूचा. सव्विसाव्या वर्षी ते या गावात माझ्या आजोबांच्या घरी घरजावई म्हणून आले. इथली पद्धत चुकेल म्हणून घाबरलेला जावई एकेकाळी तेही होते.