हद्दीवरचा म्हसोबा

मंगळवारी सकाळी साडेसातला कृष्णातने पहार खाली ठेवली आणि दगडाला हात लावणार नाही म्हणून सांगितले.

"पंत, ह्यो देव हाय. मी न्हाय उपटनार."

दत्तोपंतांनी नकाशा गुंडाळून बगलेत धरला. नगरपालिकेच्या मोजणीच्या कामात त्यांची सव्वीस वर्षे गेली होती. आजचे काम साधे होते. शहराची हद्द मैलभर पुढे सरकली होती. जुना दगड उपटायचा, नव्या जागी नवा रोवायचा. दगडाच्या अलीकडे प्लॉट पडले होते, कॉलनीचे पाये खणले जात होते. पण दगडावर बोटभर जाडीचा शेंदूर होता आणि पायथ्याशी ताजा झेंडू.

दगडाच्या पलीकडे दहा पावलांवर सयाजी गवळ्याचा गोठा. शेणाचे हात धोतराला पुसत सयाजी आला, मागोमाग त्याची बायको चिमणाबाई.

"याला देव कुणी केला?" पंतांनी विचारले.

"तुमीच की," सयाजी म्हणाला.

"मी?"

"अट्ठेचाळीस साली दगूड रोवलासा, म्होरं नारळ फोडलासा, हात जोडलासा. आमी म्हनलं, सायबानं म्हसोबा बसवला. म्हशी गावाभाईर काढायला लावल्या, तर राखनीला देव तरी दिला."

कृष्णातला हसू आले. सवय पंतांचीच होती. कोणत्याही कामाचा पहिला दगड ते नारळाशिवाय रोवत नसत. आजही पिशवीत एक होता. त्याखाली घडी घातलेली नोटीस होती: नव्या हद्दीत गोठा चालणार नाही, महिन्याच्या आत हलवावा.

"दगूड म्होरं गेला की आमी बी म्होरं. व्हय न्हवं?" चिमणाबाई म्हणाली.

पंत चष्मा पुसू लागले.

"दुधाचा कट्टा हितनं दीड मैल हाय," सयाजी म्हणाला. "तिकडनं अडीच व्हईल. गिऱ्हाइकाला डोळ्यादेखत धार काढल्याबिगार दूध चालत न्हाय. चालून चालून म्हस आटत्या. आमच्या चंद्रीला तर आत्ताच धाप लागत्या."

"दूध घागरीतून नेता येईल."

"तुमी तरी प्याल व्हय घागरीतलं?"

पंतांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. गेली वीस वर्षे रोज संध्याकाळी कट्ट्यावर उभे राहून ते याच गोठ्यातल्या म्हशींचे फेसाळ दूध पीत होते.

"जुना राहू दे," ते कृष्णातला म्हणाले. "चल पुढं."

नोटीस त्यांनी पिशवीतून काढली नाही.

दुपारी दीडला नवा दगड उभा राहिला. कृष्णातने माती धोपटली आणि पिशवीकडे पाहिले.

"पंत, नारळ?"

"नको."

शनिवारी पंत पुन्हा तिकडे गेले. नव्या दगडावर शेंदूर होता, तेल अजून वाळले नव्हते. बाजूला नारळाची करवंटी पडली होती. दगडाच्या पलीकडे दहा पावलांवर जमीन सारखी केलेली, चार कोपऱ्यांना चार खुंट्या. माणूस कोणी नव्हते. पंतांनी एक खुंटी हलवून पाहिली, मग चालत शहराकडे निघाले. वाटेत सयाजीचा जुना गोठा रिकामा होता.

सहाला, रोजच्या धारेच्या वेळी, ते कट्ट्यावर पोचले. दहा-बारा गिऱ्हाइके पेले घेऊन उभी होती. त्यांत तालमीतला बाळासो होता.

"काय पंत, आज म्हशींनी रजा टाकली व्हय?"

पंतांनी आपला पेला बाहेर काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि रांगेत उभे राहिले. नोटीस अजून पिशवीतच होती.

पावणेसात वाजले तरी रस्त्याच्या टोकाला म्हशी दिसत नव्हत्या.