गुडघे टेकण्याआधी

अहो, इकडे बघा. खालच्या खणात, पडद्यांच्या हुकांच्या डब्यामागे. निळा, कडेला जरा उसवलेला, मधोमध भोक असलेला. मी गुडघ्याचा पट्टा. भोक पडलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे. त्यात गुडघ्याची वाटी बसते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी मला उलटा बांधला आणि फाटका माल दिला म्हणून दुकानदाराच्या नावाने शंख केला.

त्याआधीचं माझं आयुष्य सांगण्यासारखं नाही. एका यंत्राने कापलं, दुसऱ्याने शिवलं, तिसऱ्याने घडी घालून खोक्यात कोंबलं. बाई पडदे शिवतात आणि लोकांच्या घरी जाऊन लावतातही. अशाच एका खिडकीपाशी त्या स्टुलावरून पडल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांच्या घरी आलो. माणसाची ऊब म्हणजे काय, ते मला बाईंच्या उजव्या गुडघ्याने शिकवलं.

आपल्या बोलण्यात गुडघ्याची फार बदनामी आहे. एखाद्याची अक्कल कुठे, तर गुडघ्यात. कुणी हरला, तर म्हणे गुडघे टेकले. या दुसऱ्या बोलण्याचा बाईंना भारी राग. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई एकदा सहज म्हणाल्या, "आता हळूहळू गुडघे टेकायला शिका."

"मी? आजवर कुणापुढे टेकले नाहीत," बाई ताडकन म्हणाल्या.

"कुणापुढे नको हो, गादीवर टेका! आणि रोज चाला, सपाट जमिनीवर. न दुखता गुडघा टेकला, की हा पट्टा काढून टाका."

बाई खजील होऊन हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. माझा शेवट ठरला होता ना!

सपाट जमीन म्हणजे गावाबाहेरचं वाळवंट. त्याचं आणि बाईंचं जन्माचं वाकडं. त्यांचे यजमान दर सुट्टीच्या दिवशी पहाटे आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन तिकडे चालायला जायचे. कोरड्या नदीच्या पात्रातून गेलं, की एक एकटं झाड लागतं, तिथपर्यंत. "चल ना, सोपी वाट आहे," असं ते बाईंना दर वेळी म्हणायचे. "वाळूत काय ठेवलंय? आणि पडदे कोण शिवणार?" हे बाईंचं ठरलेलं उत्तर. गेल्या वर्षी यजमान झोपेतच गेले. तेव्हापासून बाईंच्या मनाने एकच घेतलं होतं. त्या झाडाखाली एकदा बसायचं. मला बांधताना त्या स्वतःशी बोलत, म्हणून मला ठाऊक.

शेवटी त्यांनी नणंदेला फोन केला. "वन्सं, मला तिकडे नेता का हो?" पलीकडून लगेच उत्तर आलं, "उद्या पहाटे तयार राहा, वहिनी."

वन्सं आल्या तेव्हा बाई मला बांधून, बूट चढवून खुर्चीवर बसलेल्या. "अगंबाई, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलात की!" वन्सं म्हणाल्या. तोवर मी फडकं, लोढणं, मेलं काय ते, अशीच नावं ऐकली होती. बाशिंग म्हणवून घेताना मी असा फुगलो, की माझे टाके ताणले.

पहिल्यांदा आम्ही नदीच्या पात्राशी जाऊनच परतलो. वन्संची शिकवण साधी. भुसभुशीत वाळू टाळायची, घट्ट वाळू धरायची. उतारावर पावलं लहान टाकायची. आणि बाटलीतलं पाणी निम्मं झालं, की जिथे असू तिथून मागे फिरायचं. दर खेपेला वाट थोडी लांबत गेली. माझी पंचाईत अशी, की बाई झाडाशी पोचाव्यात असं मलाही वाटे, आणि पोचल्या की आपलं काम संपलं हेही कळे.

एकदा झाड दिसलं. बाईंचं पाऊल झपाझप पडू लागलं. वन्संनी बाटली वर धरून पाहिली. "वहिनी, फिरा मागे."

"अहो, दिसतंय की समोर!"

"वाळवंटात दिसतं ते जवळ नसतं."

"त्यांनी असं परत फिरवलं असतं का मला?"

"दादाचाच नियम आहे हा."

बाई वळल्या. गुडघा सुजू लागल्याचं मला केव्हाच कळलं होतं. मी जीव खाऊन धरून ठेवलं. घरी येऊन बाईंनी मला सोडलं आणि पाय चोळत रडल्या. "बोलवत होते तेव्हा पाय धड होते," एवढंच म्हणाल्या.

सूज उतरली, आम्ही पुन्हा निघालो. ऊन कडक व्हायच्या आधीची एक सकाळ होती. झाडापाशी पोचलो तेव्हा बाटली निम्म्याहून जास्त भरलेली होती. पण झाड बुटकं, फांद्या पार जमिनीपर्यंत आलेल्या. आत सावलीत जायचं, तर दुसरा मार्गच नव्हता.

"दादा रांगतच जायचा," वन्सं हळूच म्हणाल्या.

बाईंनी मला चर्रकन सोडलं आणि वन्संच्या हातात दिलं. आधी डावा गुडघा टेकला. मग माझा. मी श्वास रोखून ऐकत होतो, पण कण्हणं आलं नाही. आत दोन सपाट दगड शेजारी शेजारी मांडलेले होते.

"दुसऱ्यावर तुम्ही बसायचात ना, वन्सं?"

"छे! मी बाहेरच बसायचे. तो तुमचा. मला कधी बसू दिलं नाही त्याने."

बाई दगडावर बसल्या नाहीत. तशाच वाळूत, गुडघ्यांवर राहिल्या. "घ्या," त्या रिकाम्या दगडाला म्हणाल्या, "टेकले."

तेव्हापासून मी या खणात आहे. सुट्टीच्या पहाटे कडी वाजते, वन्संची हाक येते, दोघी जिना उतरतात. बाईंचं उजवं पाऊल आता डाव्यासारखंच पडतं. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून ऊर भरून येतो. आणि ते माझ्यावाचून पडतं, म्हणून जीव तुटतो.

बाई, मला पुन्हा बांधायची वेळ तुमच्यावर कधी न येवो. फक्त एक करा. परत आल्यावर बूट दाराबाहेर झटकता, ते एकदा या कपाटापाशी झटका. चिमूटभर वाळू फटीतून आत येईल. तेवढ्यावर राहीन मी.