डाव्या भुवईचा केस

प्रयोगशाळेत त्याला सगळे भिंगरी म्हणत. तो पाच मिनिटं एका जागी बसला, तर शेजारचे त्याची नाडी बघायला उठायचे. नशिबाने अशा माणसाला काम दिलं होतं झोपलेल्या जंतांवर नजर ठेवायचं.

हे जंत मिलिमीटरभर. वाढताना चार वेळा कात टाकतात आणि त्याआधी दोनेक तास निपचित पडतात. जुनी कात सुटायला एक एन्झाइम लागतं. भिंगरीचं रसायन नेमकं तेच बंद पाडणार होतं, म्हणजे जंत जुन्या कातीत अडकून उपाशी मरणार. शेळ्यांच्या पोटातले जंत यांचेच चुलतभाऊ. त्याची ताई शेळ्या पाळायची, आणि त्या शेळ्यांचे जंत आता जुन्या औषधाला भीक घालत नव्हते. दोन शेळ्या तर उठेनाशा झाल्या होत्या.

याआधीची तीन रसायनं फसली होती. आज चार वाजता गटप्रमुख मॅडमना काही दिसलं नाही, तर काम बंद आणि इंक्युबेटर शेजारच्या गटाला.

जंत हलवायला टूथपिकच्या टोकाला भुवईचा केस चिकटवतात. त्याहून मऊ हत्यार अजून कुणाला सापडलेलं नाही. भिंगरी घाईत केस घालवायचा. त्याची डावी भुवई निम्म्यावर आली होती.

प्लेटा दोन. एकीत रसायन, दुसरी साधी. नाव प्लेटच्या तळाला लिहायचं असतं, याने झाकणावर लिहिलं. दुपारी झाकणांवर वाफ धरली. भिंगरीने दोन्ही झाकणं उचलली, एप्रनला पुसली, अस्वस्थपणे खिडकीपर्यंत जाऊन आला आणि ठेवून दिली. मग त्याचं धाबं दणाणलं. कुठलं झाकण कुठलं?

साडेतीनला एका प्लेटमधले जंत मजेत हिंडत होते. दुसरीतले घट्ट स्वेटर काढताना डोकं अडकलेल्या माणसासारखे वळवळत होते. त्या प्लेटच्या झाकणावर लिहिलं होतं, ‘साधी’.

झाकणांची अदलाबदल करायला दोन सेकंद पुरले असते. भिंगरी आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास हलला नाही. मॅडम आल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे झाकणं बदलली असं तुला वाटतंय,” मॅडम म्हणाल्या, “कारण तुला तसंच हवंय.”

तो उगाच वहीची पानं उलटत राहिला आणि सकाळच्या नोंदीपाशी थांबला. मॅडमनी ती मोठ्याने वाचली.

“दहा वाजून दहा मिनिटं. रसायनाच्या प्लेटमध्ये डाव्या भुवईचा केस पडला. काढताना जंत दुखावतील म्हणून राहू दिला.”

त्यांनी त्याच्या भुवईकडे पाहिलं. मग मायक्रोस्कोपला डोळा लावला. अडकलेल्या जंतांच्या मधोमध तो केस एखाद्या ओंडक्यासारखा पडला होता.

“तुझाच ना?”

“इथे दुसरं कोण भुवया उपटतं, मॅडम?”

एका केसावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं मॅडमनी बजावलं. पंधरा दिवस दिले. आठ प्लेटा, नावं तळाला.

ताईने फोनवर विचारलं, मेले का. तो म्हणाला, अजून नाही, पण कपडे काढता येत नाहीयेत. शेळ्यांना कळवते, म्हणाली.

मग तो बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहिला. आठ प्लेटा होत्या. उजवी भुवई अजून शाबूत होती.