काळीचं खाणं

बायको यीस्टवर संशोधन करायची, मी सुतार. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती लॅबमधून आली तर अंगाला सडक्या अंड्यांचा वास.

"अगं, हे काय?"

"काळी," ती हसून म्हणाली.

काळी म्हणजे तिची लाडकी यीस्टची जात. बाकीचं यीस्ट गंधक घेतं, त्याचा वायू करतं आणि तो जोडून मेथिओनिन बनवतं. त्याशिवाय त्याची प्रथिनं होत नाहीत. काळीला ही जोडणीच जमत नसे. वायू नुसता साठायचा, वास मारायचा, आणि शिसं घातलेल्या ताटलीवर ती काळीकुट्ट व्हायची.

"म्हणजे फळ्या आल्या आणि सुतार सुट्टीवर," मी म्हणालो.

"अगदी! म्हणून तिला मेथिओनिन आयतं द्यावं लागतं. तुमच्यासारखंच."

पुढे ती आजारी पडली, तेव्हा तिने काळीची एक नळी घरच्या फ्रिजमध्ये आणून ठेवली. दर दोन महिन्यांनी खाणं भरलेल्या नव्या नळीत पेरायला मला शिकवलं. खाटेवरून ओरडायची, "अहो, पेरायची तार आधी जाळावर लाल होऊ द्या! आणि हळू, लाकूड नाही ते!"

ती गेल्यावर मी एकट्याने पेरलं. मेथिओनिनच्या नळ्या संपल्या होत्या, साध्या उरल्या होत्या. वाटलं, भूक लागली की शिकेल.

मग तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीचा फोन आला. "भाऊजी, आमचा फ्रीझर बंद पडला. काळी गेली. तुमच्याकडे आहे ना?"

मी नळी घेऊन गेलो. आत दाट वाढ होती, म्हणून खुशीत होतो. चार दिवसांनी तिने शिशाची ताटली दाखवली. सगळं पांढरं.

"ही काळी नाही, भाऊजी. ती साध्यावर वाढतच नाही. दुसरंच काहीतरी शिरलंय."

मी स्टुलावर बसलो. बायकोच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि मी ते उपाशी मारलं.

"आधीची नळी टाकलीत का?"

टाकली नव्हती. तिच्यावर बायकोचं अक्षर होतं: 'काळी. जेवून झोपली आहे.' दुसऱ्या दिवशी ती नेऊन दिली. पार सुकली होती. मैत्रिणीने सगळी खरवडून मेथिओनिन आणि शिसं घातलेल्या ताटलीवर पसरली.

सहा दिवसांनी तीन ठिपके आले होते. काळे.

मी झाकण उचललं.

"भाऊजी! उघडू नका हो, पुन्हा काहीतरी शिरेल!"

तीन ठिपक्यांना वास तो कितीसा असणार. तरी मी घेतला. मग झाकण लावलं आणि नव्या नळ्या मागितल्या, मेथिओनिनच्या.